ओ नसलेली सूज

अण्णांचा ओठ पहिल्यांदा सुजला त्या दिवशी घरात कोळंबीचं सुकं होतं. त्यामुळे दोष कुणाचा, याचा निकाल ताटं उचलायच्या आतच लागला.

"शिळी असणार," आई म्हणाली.

"शिळी कशी असेल? सकाळी मिरकरवाड्यावर होडीतून उतरवताना घेतली मी," माझी बायको म्हणाली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, मोरीजवळच्या आरशासमोर उभे राहून वरचा ओठ चाचपत होते. तो एका बाजूने फुगून नाकाला टेकायला आला होता. "खाज नाही, आग नाही," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचा तरी ओठ लावून आल्यासारखं वाटतंय." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सूज आपोआप उतरली. कोळंबी मात्र घरातून गेली.

हे दोन हजार सालानंतरच्या एक-दोन वर्षांतलं. रत्नागिरी शहराबाहेर, सड्यावरच्या कातळमाळावर, कोळंबीच्या रोगांवर काम करणारं एक लहानसं संशोधन केंद्र होतं. आता ते नाही. मी तिथे संगणक सांभाळायचो. म्हणजे घरी कोळंबीचं नाव काढायचं नाही आणि कचेरीत दिवसभर दुसरा विषय नाही, अशी माझी तेव्हाची स्थिती होती. खाडीकाठच्या तळ्यांतली कोळंबी अंगावर पांढरे ठिपके येऊन मरत होती, आणि आमच्या शास्त्रज्ञांना जगात या रोगावर कोण काय लिहितंय ते हवं असायचं. नियतकालिकं मुंबईला जाऊन पाहावी लागत. पण वैद्यकीय लेखांची अमेरिकेतली एक मोठी सूची इंटरनेटवर सर्वांना खुली झाली होती, आणि तीत माशांच्या, कोळंबीच्या रोगांवरचे लेखही पुष्कळ होते.

अडचण आमच्या टेलिफोनच्या लाईनची होती. मोडेम किंचाळून किंचाळून जोडणी व्हायची आणि एकेक पान उतरेपर्यंत ती तुटायची. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. म्हणून मी पर्ल या भाषेत एक प्रोग्राम लिहिला. सगळा मी लिहिला नव्हता. सूचीशी बोलण्याचं अवघड काम करणारी एक तयार लायब्ररी होती, कुणी कुणी परोपकारी माणसांनी लिहून फुकट वाटलेली. तिला शब्द द्यायचे, ती सूचीला विचारायची आणि सापडलेल्या लेखांची शीर्षकं नि सारांश आणून माझ्या फाईलमध्ये ठेवायची. लाईन तुटली तर जिथे थांबली तिथून पुढे.

अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "लायब्ररी म्हणजे वाचनालय ना?"

"नाही, प्रोग्रामचीच. तयार तुकड्यांची."

"मग त्यात पुस्तकं नाहीत?"

"नाहीत."

"आणि ग्रंथपाल?"

"तोही नाही."

"मग चुकीचं पुस्तक दिलं तर भांडायचं कुणाशी?" ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

अण्णांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. शेवटची कितीतरी वर्षं अलोऱ्याच्या वीज प्रकल्पाच्या वसाहतीतल्या शाळेत काढली. मी तिथेच वाढलो. त्यांचा आवाज वर्गाबाहेरच्या व्हरांड्यातून खालच्या रस्त्यापर्यंत यायचा. स्पेलिंगच्या बाबतीत ते कडक होते, आणि सर्वांत कडक होते ते उच्चारात न येणाऱ्या अक्षरांबद्दल. कलरमधला यू, प्रोग्रॅमच्या शेवटचे एम आणि ई. आजारांच्या नावांवर तर त्यांचं विशेष प्रेम. अ‍ॅनिमियात ए आणि ई जोडीने आले पाहिजेत. सुजेला इडीमा म्हणतात आणि त्याची सुरुवात ओ ने होते, जो ओ तोंडातून कधीच निघत नाही. "निघत नाही म्हणून गाळायचा?" ते विचारायचे. "घरातला म्हातारा बोलत नाही म्हणून त्याचं पान वाढायचं नाही?" सगळा वर्ग हसायचा. मीही. आणि तो ओ आमच्यातल्या कुणीही पुन्हा गाळला नाही.

प्रोग्राम तयार झाल्यावर मी त्यांना तो घरच्या संगणकावर दाखवला. काहीच सापडलं नाही तर पडद्यावर एक संदेश यायचा, "नथिंग फाउंड." अण्णांनी चष्मा वर केला.

"हे काय आहे?"

"काही सापडलं नाही."

"ते कळलं. पण हे वाक्य आहे का? क्रियापद कुठाय? शास्त्रज्ञ लोक वाचणार आहेत, त्यांच्यापुढे असं अर्ध्या कपड्यातलं वाक्य ठेवणार आहेस तू?"

मग त्यांनी मला नीट वाक्य सांगितलं आणि मी ते जसंच्या तसं घातलं, पूर्णविरामासकट. "देअर आर नो पेपर्स ऑन धिस सब्जेक्ट." या विषयावर लेख नाहीत. मला ते आवडलं. भारदस्त वाटलं.

आणखी एक गोष्ट मी केली होती, ती इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. साधा शब्द दिला तर ती सूची आपल्या मनाने त्याचे जवळचे शब्दही शोधायची आणि हजारांनी लेख पाठवायची. आमच्या लाईनला ते झेपत नव्हतं. म्हणून मी प्रत्येक शब्दाला अट घातली. तो शब्द लेखाच्या शीर्षकातच, जसाच्या तसा असला पाहिजे. अट घालताच सूची आपलं डोकं चालवणं बंद करायची आणि मोजके, नेमके लेख यायचे. केंद्रातले सगळे खूश झाले. मी तर स्वतःवरच खूश होतो. जे यायचं ते मी दिलेल्या स्पेलिंगचंच असायचं, त्यामुळे जग आपल्यासारखंच लिहितं, हे मला रोज नव्याने पटत होतं.

अण्णांची सूज परत आली. एकदा डोळ्याखाली, एकदा गालावर, मग जीभ एका कडेने. दर वेळी आई आदल्या दिवसाचं जेवण आठवायची आणि त्यातला एक पदार्थ हद्दपार व्हायचा. कोळंबीनंतर कालवं गेली, मग सगळेच मासे, मग अंडी. शेंगदाणे गेले. एका आठवड्यात खोबरंही बंद झालं, आणि रत्नागिरीत खोबऱ्याशिवाय स्वयंपाक करून दाखवण्याचं काम माझ्या बायकोकडे आलं. अण्णांच्या ताटात अखेर पेज, मेतकूट आणि लोणच्याचा खार एवढंच उरलं. त्यांना एकट्याला तसं जेवताना बघवेना, म्हणून आम्हीही घरात मासे आणणं बंद केलं. ते मात्र कुणी विचारलं की सांगायचे, "मी बरा आहे. मांजर तेवढं घर सोडून गेलं."

बुरोंडीला दिलेली आत्या, अण्णांची धाकटी बहीण, भेटायला आली ती सोड्यांची पिशवी घेऊनच. सुकवलेल्या कोळंबीचा तो वास ओटीवर आला आणि आईने पिशवी तिथल्या तिथे दोरीने बांधून टाकली.

"काय गो वहिनी, विष आणलंय काय मी?" आत्या म्हणाली.

"डॉक्टरांनी नको सांगितलंय."

"डॉक्टर काय बुरोंडीचा हाय? लहानपणापासून पोसलाय माझा भाऊ ह्याच्यावर. कोळंबीनं आत्ताच काय घोडं मारलंन ह्याचं?" मग ती अण्णांकडे वळली. "आणि तू रे? शाळेत पोरांना वळवळ करू देत नव्हतास, आणि हितं बायकोपुढं गप पेज पितोस?"

"पेज चांगली असते," अण्णा म्हणाले.

"चांगली आजाऱ्याला. तू आजारी हायस काय?"

आईने बांधलेली पिशवी उचलून आत्याच्याच सामानाशी ठेवली.

आमचे डॉक्टर वयस्क आणि सावध होते. सूज अंगावर गांधी न उठता येते आणि नेहमीच्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांना दाद देत नाही, हे त्यांना खटकत होतं. एक दिवस त्यांनी मला दवाखान्यात थांबवून घेतलं. "तुझ्याकडे ते लेख शोधायचं मशीन आहे ना? जरा बघ. या सुजेला अँजिओ-इडीमा म्हणतात. खाण्याचं बघच, पण औषधांचंही बघ. अण्णा रक्तदाबाची जी गोळी घेतात, त्या जातीच्या गोळ्यांनी अशी सूज येते. पण ती गोळी सुरू केल्यावर लगेच येते. त्यांना गोळी चालू होऊन दीड वर्ष झालं. इतक्या उशिरा येऊ शकते का? तसं कुठे नोंदलं असेल तर बघ. गोळी त्यांना चांगली लागू पडली आहे. उगाच बदलायला नको."

अण्णांची गोळी राहावी की जावी, हे त्या दिवशी माझ्या शोधावर ठरणार होतं. मला त्याचं ओझं वाटलं नाही. अभिमान वाटला. इतके दिवस मी कोळंबीसाठी शोधत होतो, आता बापासाठी शोधायचं होतं.

मी सुजेचं नाव, इडीमाच्या सुरुवातीच्या ओ सकट, घातलं. गोळीच्या जातीचं नाव घातलं. उशिरा या अर्थाचा शब्द घातला. तिन्हींना शीर्षकाची अट होतीच. मोडेम किंचाळला, लाईन लागली, आणि थोड्या वेळाने पडद्यावर अण्णांचं वाक्य आलं. या विषयावर लेख नाहीत.

खाण्याच्या बाबतीत मात्र काही लेख मिळाले. त्यांतला एक शिंपल्यातल्या प्राण्यांवरचा होता. मी ते कागद छापून डॉक्टरांकडे नेले.

"आणि गोळीचं?" त्यांनी विचारलं.

"नाही, डॉक्टर. इतक्या उशिराचं जगात कुठे नोंदलेलं नाही."

जगात कुठे, हे शब्द माझे होते. ते कुणी मला सांगायला लावले नव्हते. डॉक्टरांनी मान हलवली आणि म्हणाले, "बरं झालं, खात्री झाली." गोळी चालू राहिली.

पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी दुपारी अण्णा पेज पीत होते. समोर दुसरं काही नव्हतं. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि काहीतरी बोलले ते मला कळलं नाही. मला वाटलं, तोंडात घास आहे. मग त्यांनी जीभ बाहेर काढायचा प्रयत्न केला आणि ती निघेना, इतकी ती तोंडभर झाली होती. ओठाच्या कडेने लाळ गळायला लागली. आई त्यांची पाठ चोळत राहिली, जणू ठसका लागला आहे. मी रिक्षा आणायला धावलो.

रिक्षात ते माझ्या आणि बायकोच्या मध्ये बसले होते. श्वास घेताना घशातून एक बारीक शिटी यायची. त्यांनी माझं मनगट धरलं होतं, आणि प्रत्येक श्वासाला त्यांची पकड आवळायची नि सुटायची. चढाव आला तशी रिक्षा मंदावली आणि मी ओरडलो ड्रायव्हरवर. तो बिचारा आधीच पूर्ण वेगात होता.

रुग्णालयात डॉक्टरांनी त्यांच्या गळ्याला समोरून भोक पाडून नळी घातली. तेवढ्यानेच ते वाचले. दोन-तीन मिनिटं उशीर झाला असता तर, असं तिथल्या डॉक्टरांनी सुरू केलं आणि आईकडे बघून वाक्य सोडून दिलं.

आत्या बुरोंडीहून एसटीने आली. खाटेशी उभी राहून तिने भावाच्या गळ्यातली नळी पाहिली, मग आईकडे पाहिलं. "काय खाल्लेलान?"

"पेज," आई म्हणाली.

"मग आता तांदूळ पण बंद करा," आत्या म्हणाली आणि पदर तोंडाशी धरून रडायला लागली.

नळी निघाली, भोक भरून आलं, आणि अण्णा घरी आले. आवाज परत आला, पण अर्धाच. खरखरीत, हवा मिसळलेला. समोरच्या माणसाला पुढे झुकून ऐकावं लागायचं. रुग्णालयात बंद ठेवलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या घरी आल्यावर हळूहळू पुन्हा सुरू झाल्या. त्यात तीही होती. तिच्यावर संशय घ्यायचं कारण कुणाला राहिलं नव्हतं. ते मीच काढून टाकलं होतं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी केंद्रातल्या एक बाई माझ्या टेबलाशी आल्या. त्या कोळंबीच्या रक्तातल्या पेशींवर काम करायच्या. त्यांच्यासाठी मी नुकतीच एक यादी काढून दिली होती, आणि ती त्यांनी माझ्यासमोर आपटली.

"यात माझा लेख नाही."

"तुम्ही लिहिलेला?"

"मी लिहिलेला असता तर कशाला बोलले असते? मी वाचलेला. दोन वर्षं माझ्या कपाटात आहे तो. अमेरिकेतला आहे, नेमका याच विषयावरचा."

"मग सूचीत नसेल तो, मॅडम. सगळंच असतं असं नाही."

"सूचीत आहे. मी मुंबईला असताना त्याच सूचीत सापडलाय मला."

त्या जाऊन लेख घेऊन आल्या. मी शीर्षक वाचलं. रक्तपेशीचा तो शब्द आम्ही एच, ए, ई असा सुरू करतो. तिथे एच आणि ई होतं. मी आधी छपाईची चूक समजलो. खाली पाहिलं, प्रत्येक परिच्छेदात तसंच. मधला ए नाहीच.

"अमेरिकन लोक खातात तो," बाई म्हणाल्या. "तुम्हाला ठाऊक नाही? तुमचा प्रोग्राम दोन्ही घेत नाही?"

कलरमधला यू ते गाळतात, हे मला ठाऊक होतं. पण आजारांची नावं, रक्त, सूज, हे शब्द मी जन्मात कधी दुसऱ्या रूपात पाहिले नव्हते. पाहणार कसा? शीर्षकाची अट मीच घातली होती, त्यामुळे ज्यांची स्पेलिंगं माझ्यासारखी तेवढेच माझ्यापर्यंत येत होते. बाई काहीतरी बोलत होत्या. माझ्या डोक्यात तेव्हा रक्त नव्हतं, सूज होती. ओ ने सुरू होणारी सूज.

मी घरी फोन लावला. आईने उचलला.

"अण्णांनी सकाळची गोळी घेतली का?"

"घेतली. मी स्वतः दिली. का रे?"

"काही नाही. ते कुठे आहेत?"

"ओटीवर. पेपर वाचतायत. काय झालं?"

"त्यांच्याशेजारी बस. आणि संध्याकाळची देऊ नकोस, मी येईपर्यंत."

"अरे, पण रक्तदाब..."

"आई, देऊ नकोस."

मग मी ओ काढला. बाकी काहीही बदललं नाही, तेच तीन शब्द, तीच अट, फक्त तो एक ओ नाही. पडद्यावर शीर्षकं यायला लागली आणि येतच राहिली. लाईन मध्येच तुटली, मी पुन्हा जोडली. तीच जीभ, तोच घसा, त्याच जातीच्या गोळ्या. वर्षानंतर, दोन वर्षांनंतर, त्याहूनही उशिरा. काही सारांशांत लिहिलं होतं की गोळी सुरू होऊन इतका काळ गेल्यामुळे कुणाला तिचा संशय येत नाही आणि रुग्णाला ती चालूच ठेवली जाते. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ते आमच्याच घरात बसून लिहिल्यासारखं होतं.

कागद घेऊन मी तडक दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी आतला पेशंट बाहेर जाईपर्यंत मला थांबवलं, मग चष्मा लावून पहिलं पान शेवटपर्यंत वाचलं. दुसरं अर्धं वाचून ठेवून दिलं.

"गोळी आजपासून बंद. दुसऱ्या जातीची देतो." चिठ्ठी लिहिता लिहिता ते थांबले. "तू तर नाही म्हणाला होतास."

मी त्यांना ओ बद्दल सांगितलं. सांगताना माझं मलाच ते कारण फार लहान वाटलं.

"मीही विचारायला हवं होतं, काय शोधलंस आणि कसं," ते म्हणाले. "नाही म्हटल्यावर मला बरंच वाटलं. चालू असलेली गोळी बदलायला जिवावर येतं." त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. मला वाटलं होतं, ते रागावतील. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

अण्णांना ते सांगणं राहिलं होतं. दोन दिवस मी टाळलं. गोळी बदलल्याचं त्यांना कळलं होतं, का बदलली ते त्यांनी विचारलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर मी ओटीवर त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी काय विचारलं होतं, मी काय शोधलं, काय म्हणालो. जगात कुठे नोंदलेलं नाही, हे शब्दही गाळले नाहीत. त्यांच्या गळ्यावरच्या गुलाबी खुणेकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण नजर तिथेच जात होती.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "ई ने सुरू करतात?"

"हो. ओ घालतच नाहीत."

"अख्खी अमेरिका?"

"अख्खी अमेरिका."

"स्पेलिंग तुझं बरोबर होतं," ते त्या खरखरीत आवाजात म्हणाले. मला वाटलं, ते माझी समजूत घालतायत आणि मला ते सहन होईना.

"अण्णा, माझ्यामुळे तुमचा..."

त्यांनी हात वर केला. वर्गात करायचे तसा. "तो कागद आहे का? पहिला? 'नाहीत' आलेला?"

तो माझ्या बॅगेतच होता. मी तो टाकू शकलो नव्हतो. त्यांनी तो गुडघ्यावर पसरला. वर माझे तीन शब्द, आणि खाली एकच ओळ. त्यांनी त्या ओळीखालून बोट फिरवलं.

"हे वाक्य कुणाचं?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"माझं आहे," ते म्हणाले. "तू काय लिहिलं होतंस आधी?"

"नथिंग फाउंड."

"हं." त्यांनी दम घेतला. एवढं बोललं तरी त्यांना दम लागायचा. "त्यात क्रियापद नव्हतं. पण ते खरं होतं. सापडलं नाही, एवढंच म्हणत होतं ते. मी त्याचं 'नाहीत' करून टाकलं."

"वाचून जगात कुठे नाही म्हणालो तो मीच ना."

"तू माझ्याकडेच शिकलास."

आई दारात येऊन उभी होती, तिला काही कळत नव्हतं. "काय झालं? कशाबद्दल चाललंय?"

"व्याकरणाबद्दल," अण्णा म्हणाले.

त्यानंतर सूज आली नाही. एक महिना गेला, दोन गेले. मासे परत यायला त्याहून जास्त वेळ लागला, कारण आईचा कागदांवर विश्वास नव्हता. शेवटी आत्याच आली आणि या वेळी सोडे तिने थेट चुलीपाशी नेले. अण्णा जेवायला बसले तेव्हा आम्ही सगळे उभे राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"बसा रे," आत्या म्हणाली. "नाटक हाय काय?"

त्यांनी पहिला घास घेतला, चावला, गिळला. गिळताना गळ्यावरची खूण वर गेली आणि खाली आली. आईने विचारलं, "कसं वाटतंय?"

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

मला माझ्या त्या 'नाही'पासून सुटका मिळालेली नाही. अण्णांचा आवाज शेवटपर्यंत तसाच राहिला. फोनवर लोक विचारायचे, कोण बोलतंय, आणि त्यांना नाव पुन्हा सांगावं लागायचं. मी शेजारच्या खोलीतून ते ऐकायचो. ते वाक्य आपलं होतं असं म्हणून त्यांनी अर्धं ओझं घेतलं, पण मला ठाऊक आहे की त्यांनी ते फक्त व्याकरणासाठी सांगितलं होतं, आणि मी ते जिवंत माणसाच्या औषधासाठी वापरलं. आता कुणीही कसलाही शोध चुटकीसरशी घेतो. माझ्या प्रोग्रामची कुणाला गरज उरलेली नाही. तरी कुणी मला विचारलं की अमुक काही आहे का, तर माझ्या तोंडून 'नाही' निघत नाही. लोक वैतागतात.

त्या दिवशी ओटीवर आणखी एक बोलणं झालं होतं. आई आत गेली, आणि अण्णा म्हणाले, "वाक्य बदल ते."

"परत नथिंग फाउंड करतो."

"क्रियापद घाल रे. आणि कर्ता पण घाल. शोधणारा कोण? तू. मग वाक्यात तू दिसला पाहिजेस." थोडा दम घेऊन त्यांनी सांगितलं आणि मी त्याच कागदाच्या पाठीवर उतरवून घेतलं. "आय हॅव नॉट फाउंड एनी पेपर्स." मला लेख सापडले नाहीत.

"आणि स्पेलिंगं दोन्ही घातलीस ना?"

"दोन्ही घातली, एकाखाली एक. यापुढे प्रत्येक शब्दाला दोन्ही शोधेल."

ते खुर्चीत मागे टेकले. मला वाटलं, झालं बोलून. पण मग त्यांनी खुणेने मला जवळ बोलावलं आणि मी पुढे झुकलो.

"आपलं वर ठेव," ते म्हणाले.